पास झाल्याचे पेढे

सेलूच्या बसस्टँडवर प्रभाकरराव गाडीच्या पुष्कळ आधी पोचत आणि गाडी येईपर्यंत एसटी महामंडळाचा उद्धार करत येरझारा घालत. लांबून लाल रंग दिसला की गाडी कुठली आहे हे न पाहताच धावत सुटत. भलतीच निघाली तर तिच्या ड्रायव्हरला दोन शब्द सुनावून परत येत. जन्मात आपली एकही एसटी चुकली नाही, हे ते कोणी न विचारता सांगत. एवढा अभिमान बाळगावा असं दुसरं काही त्यांच्या आयुष्यात फारसं घडलेलं नव्हतं, त्यामुळे लोकही ऐकून घेत.

वाट पाहणं हा प्रकारच त्यांना सोसत नसे. त्यांच्या कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक 'जरा ते...' एवढं म्हणेपर्यंत गादीवर चार तागे उलगडलेले असत आणि गिऱ्हाइकाचं वाक्यही त्यांनीच पुरं केलेलं असे. 'लग्नात घालायचं ना? हे पाहा.' माणूस टॉवेल घ्यायला आलेला असला तरी भिडेपोटी पँटपीस घेऊन जाई. धंद्यात हे खपून गेलं. घरात शोभाबाईंनी लग्नापासून आजवर एखादं वाक्य शेवटपर्यंत बोलल्याचं त्यांना स्वतःलाही आठवत नव्हतं.

शिवाय त्यांचे हात. जिवाला घोर लागला की समोर येईल त्या कापडाची घडी करायला ते हात आपोआप लागत. नातेवाइकांकडे मयतीला गेले तरी येताना तिथल्या चादरी, सतरंज्या आणि एकदा तर वाळत घातलेली धोतरं, सगळ्यांच्या घड्या करून आले होते.

अशा माणसाच्या धाकट्या मुलीला वाचता येत नव्हतं, म्हणजे पाहा.

रक्षा नववीत होती. पुस्तक घेऊन बापासमोर बसली की पहिल्या ओळीतच अडे. 'प... पर...' एवढं झालं की प्रभाकरराव म्हणत, "पर्वत. पुढं." पुढच्या शब्दाला पुन्हा तेच. धडा संपे. मुलगी वाचते आहे असं त्यांना इतकी वर्षं वाटत आलं होतं, आणि खरं म्हणजे वाचत होते ते स्वतः. परीक्षेला मात्र त्यांना शेजारी बसू देत नसत, म्हणून तिथं ती आपटी खाई. "दहावीत नापास झाली तर सरळ दुकानात बसवतो," असं त्यांनी जाहीर करून टाकलं होतं. पण थोरली सपना रोज सकाळी पास घेऊन वर्ध्याच्या कॉलेजात जायला निघे, तेव्हा रक्षा दारात उभी राहून तिची गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत बघत राही. तिला त्या गाडीत बसायचं होतं. बाकी काही नको होतं.

शाळेत त्या वर्षी जयवंता मॅडम नव्यानं आल्या. हे दोन हजार तीन साल. त्यांनी प्रभाकररावांना बोलावून घेतलं.

"पोरगी हुशार आहे तुमची. तोंडी विचारलं का वर्गात सगळ्यात आधी तीच सांगते. पन पुस्तक हाती दिलं का अक्षरं तिले जागेवर दिसत नाई. याची तपासनी होते नागपूरले. तिथला कागद भेटला का दहावीले जास्तीचा वेळ देते, लिवून द्याले मानूसही देते. पन तयारी मात्र..."

"करतोच मॅडम. तयारीत कसर नाई ठेवत," प्रभाकरराव म्हणाले आणि उठले.

मॅडमना काय म्हणायचं होतं हे त्यांनी ऐकून घेतलं असतं, तर ही गोष्ट इथंच संपली असती.

घरी आल्याबरोबर त्यांनी सगळ्यांना तंबी दिली की ही भानगड बाहेर कळता कामा नये. पोरगी उद्या लग्नाची होणार, लोक काय म्हणतील. संध्याकाळी तहसील कचेरीतून निवृत्त झालेले बापूजी ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "प्रभाकरराव, पहिले डोये दाखवा. मले ऐकल्याबरोबर समजलं."

"तुम्ही ऐकलं कोनाकडून?"

"ते सोडा. डोयेच आहे."

डोळे दाखवले. डॉक्टर म्हणाला, डोळे उत्तम आहेत. बापूजी म्हणाले, डॉक्टर नवा आहे. शेवटी वर्ध्याच्या एका चष्मेवाल्यानं बापूजींच्या शब्दाला मान देऊन बारीकसा नंबर काढून दिला. रक्षानं चष्मा लावून पुस्तक पाहिलं.

"आता मोठी दिसते बाबा," ती म्हणाली. "पन हालते तशीच."

मग समोरच्या मंदाबाई आल्या. त्यांच्या मते दोष जिभेत होता. त्यांनी वेखंड उगाळून मधात कालवलं आणि रक्षाच्या जिभेवर चोळलं. वेखंड बोबड्या पोरांना देतात आणि रक्षा चांगली खडखडीत बोलते, असं शोभाबाई सांगणार होत्या. पण त्यांना वाक्य पुरं करायची सवय राहिली नव्हती. दोन दिवस रक्षाच्या जिभेला चव नव्हती. तिसऱ्या दिवशी तिनं वेखंडाचा तुकडा मागच्या परसात फेकला आणि मंदाबाईंनी तिच्या वतीनं केळझरच्या गणपतीला नवस बोलून ठेवला.

नागपूरच्या तपासणीला मुख्याध्यापकांचं पत्र लागत होतं. मुख्याध्यापक पत्र द्यायला तयार नव्हते.

"आमच्या शाळेत असा पोरगा नाई का पोरगी नाई. आजपावतर नव्हती. एकदा मी लिवून दिलं का मग दरसाल निंगन."

त्यांना दिवाळीच्या आधी सफारीचं कापड लागणार होतं हे प्रभाकररावांना ठाऊक होतं. त्या कापडाचा विषय निघाला आणि पत्र मिळालं. पण ते थेट नागपूरला चालणार नव्हतं, जिल्ह्याच्या ठिकाणाहून पुढं जायला हवं होतं. तिथल्या सरकारी दवाखान्याच्या खिडकीवरच्या माणसानं पत्र वाचलं आणि त्यांना कान-नाक-घशाच्या रांगेत उभं केलं. कानाच्या डॉक्टरांनी रक्षाचे कान तपासले. कान इतके तेज होते की दाराबाहेर दोन नर्सा डॉक्टरांबद्दल काय बोलत होत्या तेही तिनं सांगितलं. डॉक्टरांनी घाईघाईनं तिला दुसऱ्या खिडकीकडे पाठवलं. ती अपंगांच्या दाखल्याची होती.

"कोनता अवयव?" कारकुनानं मान वर न करता विचारलं.

"वाचन," प्रभाकरराव म्हणाले.

कारकुनानं आता मान वर केली. "वाचन आपल्या इथं नाई. हात, पाय, डोया, कान. यातलं काही असन तं सांगा, आजच करून देतो."

पोरीचे चारही अवयव धड असल्याबद्दल आपण खजील का होतो आहोत, हे प्रभाकररावांना कळेना. त्यांनी कारकुनाच्या टेबलावरचा टेबलक्लॉथ काढून त्याची व्यवस्थित चौघडी केली, तेव्हा कारकून घाबरला आणि त्यानं मोठ्या साहेबांना गाठलं. मोठ्या साहेबांनी पत्रावर लिहिलं की हे इथं होत नाही, नागपूरला जावं. हे जयवंता मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पण आता त्यावर शिक्का होता.

नागपूरची तारीख मिळाली. आणि आता प्रभाकररावांच्या अंगात तयारी संचारली.

तपासणी म्हणजे टेस्ट आणि टेस्ट म्हणजे पास व्हायची, इतका सरळ हिशेब होता. या घरात कोणीही कुठल्याही टेस्टला तयारी न करता गेलेलं नव्हतं. प्रभाकरराव रक्त तपासायला जातानासुद्धा आदल्या दिवशी पालक खाऊन जात. त्यांनी गावातले ट्यूशनवाले भूपेंद्र सर गाठले. भूपेंद्र सरांची ख्याती हमखास प्रश्नांची होती. शिकवत नसत, पण काय येणार ते सांगत. सरांनी चौकशी केली आणि सिंदी रेल्वे या गावचा अंकित नावाचा एक मुलगा शोधून काढला. त्याची हीच तपासणी आदल्या साली झाली होती. सरांनी त्याला समोर बसवून, भजी खाऊ घालून सगळा पेपर काढून घेतला. एक उतारा वाचायला देतात, त्यावर तोंडी प्रश्न विचारतात. उतारा अंकितला अजून पाठ होता, कारण तो त्या उताऱ्याशी तासभर झुंजला होता.

'रामा एक शेतकरी होता. त्याचा तांबडा बैल होता. एके दिवशी तो बैलाला घेऊन ओढ्यावर गेला. ओढ्याच्या काठी एक म्हातारी गाठोडे घेऊन बसली होती. म्हातारी म्हणाली, बाबा, एवढे गाठोडे पलीकडे नेशील का?'

असा तो उतारा. रोज दिवेलागणीला भूपेंद्र सर ओट्यावर खुर्ची टाकून बसत आणि मोठ्यानं म्हणत, बाकीचे मागून म्हणत. भानगड बाहेर कळू द्यायची नव्हती, म्हणून बापूजी आणि मंदाबाई यांनाच तेवढं येऊ दिलं होतं. आठवड्याभरात तांदूळ निवडताना मंदाबाईंच्या तोंडी रामाचा तांबडा बैल असे. बापूजींना ओढ्याचा प्रश्न पडला होता. तो नकाशावर कुठं येतो ते त्यांना कळत नव्हतं. आणि गाठोड्यात काय होतं यावर तर आळीत दोन तट पडले होते. मंदाबाई म्हणत भाकरी, शोभाबाई म्हणत, "मले तं वाटते का त्यात..." आणि प्रभाकरराव म्हणत, "कापड."

रक्षा कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन ऐकत बसे. तिला म्हणायला सांगितलं की एकदा घडाघड म्हणून दाखवी आणि पुन्हा गप्प होई.

तपासणीच्या दिवशी नागपुरात उकाडा होता, वीज गेलेली होती आणि बाकांवर पोरांची गर्दी होती. तपासणाऱ्या मॅडमच्या कपाळावरून घाम निथळत होता. आज नुसती पहिली चाळणी आहे, ज्यांना अडचण दिसेल त्यांना पुढच्या तपासणीला बोलावू, असं त्या प्रत्येकाला सांगत होत्या. प्रभाकरराव दाराला कान लावून उभे. आत रक्षाच्या हातात कार्ड दिलं गेलं आणि तिचा आवाज आला. 'रामा एक शेतकरी होता.' कुठं अडखळणं नाही, कुठं श्वास नाही. प्रश्नांचीही उत्तरं बरोबर. प्रभाकररावांनी आनंदाच्या भरात दाराचा पडदा काढून त्याची घडी घातली.

"छान वाचते हो मुलगी," मॅडम बाहेर येऊन म्हणाल्या. "मला काही अडचण दिसत नाही. तसं शाळेला लिहून देते."

"म्हनजे पास?"

"म्हणजे... हो, पास म्हणा," मॅडम म्हणाल्या. पडदा कुठं गेला हे त्या शोधत होत्या.

परतीच्या गाडीत प्रभाकररावांचे पाय जमिनीला लागत नव्हते. सेलूत उतरल्याबरोबर त्यांनी पेढे घेतले आणि दुकानापासून घरापर्यंत वाटत आले. मुलगी नागपूरच्या सरकारी तपासणीत पास झाली. ज्यांना भानगड ठाऊक नव्हती त्यांनाही आता ठाऊक झाली. रक्षानं पेढा घेतला नाही. डोकं दुखतं म्हणून ती आत जाऊन झोपली.

दुसऱ्या दिवशी शाळेत मुख्याध्यापकांनी आधी पेढा खाल्ला, मग पाकीट फोडलं.

"अडचण नाई म्हनते," ते समाधानानं म्हणाले. "म्या म्हनलंच होतं. आता वेळ नाई, का लिवनारा मानूस नाई. बाकीच्या पोरायसारखी बसन दहावीले."

"पन ती तं पास झाली," प्रभाकरराव म्हणाले.

"म्हनूनच."

जयवंता मॅडम शेजारच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी पेढा हातात तसाच धरला होता. "मी म्हनत होती का तयारी मात्र करू नका," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आहे तशी न्या, म्हनत होती. तुमी उठून गेले."

प्रभाकरराव घरी आले आणि सपनाच्या कपाटातल्या सगळ्या ओढण्या काढून पुन्हा पुन्हा घड्या घालत बसले. आपण मुलीला पास करून नापास केलं, हे त्यांना आता पुरतं कळलं होतं. गावभर पेढे वाटून. जो भेटे तो विचारी, 'काऊन हो, पास झाली ना पोट्टी?' आणि त्यांना हो म्हणावं लागे.

भूपेंद्र सर मात्र डगमगले नाहीत. पुन्हा तारीख घ्या म्हणाले, आता चुकायची तयारी करू. त्यांनी हमखास चुका काढल्या. बैलाला शेळी म्हणायचं, ओढ्याला डोंगर म्हणायचं, मधेच रडायचं.

"मी नाई," रक्षा म्हणाली. ती इतकं कधी बोलत नसे. "मी मुद्दाम नाई चुकनार. चुकाले मले तयारी लागत नाई, सर."

भूपेंद्र सर त्या दिवसापासून आले नाहीत.

दुसऱ्या तारखेसाठी प्रभाकररावांनी पहिलीपेक्षा जास्त खेटे घातले, पण ती मिळेना, कारण जिच्यात काही नाही तिला पुन्हा का तपासायचं हे कोणालाच पटत नव्हतं. शेवटी ते रक्षाला घेऊन तारखेशिवायच नागपूरला गेले आणि मॅडम जेवायला निघाल्या तेव्हा त्यांच्या वाटेत उभे राहिले. मॅडमनी त्यांना ओळखलं. पडदा नवा होता.

"मागच्या वेळी तिनं घडाघड वाचलं," मॅडम म्हणाल्या. "आता परीक्षा जवळ आली, सवलत हवी, म्हणून वाचता येत नाही म्हणता? असे पालक मला रोज भेटतात. बाजूला व्हा."

व्हरांड्यात माणसं होती. त्यांत एक सेलूच्याच बाजूचं होतं, दुकानात येणारं. प्रभाकररावांनी एरवी अशा वेळी काहीतरी भलतंच बोलून पोरीचा हात धरून काढता पाय घेतला असता.

"मॅडम, माह्या पोरीले वाचता येत नाई," ते म्हणाले. त्यांचा आवाज दुकानातल्या सवयीनं मोठाच होता, सगळ्या व्हरांड्यानं ऐकलं. "मी इतके साल लपवलं. तिनं वाचलं नाई तवा, पाठ म्हनलं. मलेही पाठ आहे. बायकोले पाठ आहे, आमच्या समोरच्या मंदाबाईले पाठ आहे. ऐका." आणि त्यांनी डोळे मिटून हात जोडले, देवापुढं जोडतात तसे. "रामा एक शेतकरी होता. त्याचा तांबडा बैल होता. एके दिवशी तो बैलाला घेऊन ओढ्यावर गेला. ओढ्याच्या काठी... ओढ्याच्या काठी..."

ते अडले. कपाळावर घाम आला. सगळा व्हरांडा त्यांच्याकडे बघत होता आणि शब्द काही येईना.

"एक म्हातारी गाठोडे घेऊन बसली होती," मागून बाकावरून रक्षा म्हणाली.

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या हातात ना कार्ड होतं, ना कागद. मॅडमनी जेवणाचा डबा परत टेबलावर ठेवला.

"किती दिवस लागले गं पाठ करायला?"

"पहिल्याच दिवशी झालं," रक्षा म्हणाली. "बाकीचे दिवस मंदाबाईचं राह्यलं होतं."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी कपाटातून दुसरं कार्ड काढलं आणि दोघांना आत घेतलं. "तुम्ही इथं बसा," त्या प्रभाकररावांना म्हणाल्या. "पण ती वाचत असताना एक शब्द बोलायचा नाही. एकही."

कार्डावर ओळी मोजक्याच होत्या. प्रभाकररावांना बसल्या जागेवरून पहिला शब्द दिसला. कुंभार.

"क..." रक्षा म्हणाली. बोट अक्षराखाली ठेवलं. "क... कु..." थांबली. परत मागं गेली. प्रभाकररावांच्या जिभेच्या टोकावर कुंभार येऊन बसला होता. त्यांनी खिशातला रुमाल काढला आणि घडी केली. "कुम... भ..." घडीची घडी केली. आता सांगावं, एकच तर शब्द आहे, पोर घामाघूम झाली आहे, असं त्यांना वाटत होतं. आणि मॅडमची नजर त्यांच्यावर होती. रुमालाची आणखी घडी होईना तेव्हा त्यांनी तो तोंडात धरला.

"कुंभार," रक्षा म्हणाली.

आपलं आपण. कोणी न सांगता. आणि तिनं मान वर करून कोणाकडे पाहिलंसुद्धा नाही, बोट पुढच्या शब्दाखाली सरकवलं.

तेव्हा प्रभाकररावांच्या ध्यानात आलं की ती दर वेळी इथपर्यंत येतच असणार. दर शब्दाला एवढी चढण चढून ती वर पोचायची आणि शेवटच्या पायरीवर ते शब्द हिसकून घ्यायचे आणि म्हणायचे, पुढं. त्यांना भडभडून आलं. रुमाल तोंडात असल्यामुळे ते आवाज न करता रडले. तिकडे त्या मोजक्या ओळी चालल्या होत्या, थांबत, मागं जात, पुन्हा निघत. संपल्या तेव्हा रक्षाचा चेहरा लाल झाला होता आणि मॅडमचं जेवण राहून गेलं होतं.

"अजून दोन-तीन तपासण्या करायच्या," मॅडम लिहिता लिहिता म्हणाल्या. "पण कागद मिळेल. तिला अडचण आहे, आणि डोकंही आहे. दोन्ही लिहिते मी. इतके दिवस तुम्ही तिला घरी वाचायला बसवत होता का?"

"बसवत होतो," प्रभाकरराव म्हणाले. "वाचू देत नव्हतो."

नागपूरच्या स्टँडवर दोघं आली तेव्हा उन्हं कलली होती. प्रभाकरराव सवयीनं फलाटाच्या कडेला जाऊन उभे राहिले, एक पाय पुढं टाकून. समोर एक लाल गाडी लागली. तिच्या कपाळावरची पाटी त्यांनी एका नजरेत वाचली आणि त्यांचा दुसरा पायही उचलला गेला. मग शेजारून आवाज आला.

"व..." रक्षा पाटीकडे बघत होती. तिला कोणी वाचायला सांगितलं नव्हतं. "वर... वर्धा."

प्रभाकररावांनी पाय खाली ठेवला.

"मा... मार्गे," रक्षा म्हणाली. माणसं चढत होती. कंडक्टरनं दार ओढलं. प्रभाकररावांनी खिशातला रुमाल चाचपला आणि तोंड घट्ट मिटून घेतलं. "के... केय... केळझर." घंटी झाली. गाडी मागं आली, वळली, धूर सोडून फाटकाकडे निघाली, आणि रक्षा मान वळवत पाटीच्या मागं मागं गेली. "स... से... सेलू."

गाडी फाटकाबाहेर पडली.

"बाबा, ही तं आपलीच गाडी होती."

"हाव."

"तुमाले तं दिसली असन. मंग सांगतलं काऊन नाई?"

"तू वाचून राह्यली होती ना," प्रभाकरराव म्हणाले आणि पुढच्या गाडीची वाट पाहत बाकावर बसले.